गणपतीत मावश्या गावाला, दिवाळीत कारागीर छठला... दुकान चालवायचं कसं?

या वेळचं पत्र डोंबिवलीहून आलंय. मोठं होतं, थोडं कमी करून देतेय, शब्द तिचेच.

"काकू, डोंबिवली पूर्वेला माझं छोटं दुकान आहे, पोळीभाजी, नाश्त्याचं आणि सणाला मोदक-फराळ. 8 वर्षं झाली. सात माणसं आहेत, मुख्य कारागीर आणि त्याचा भाचा (दोघं बिहारमधल्या दरभंग्याकडचे), संगमेश्वरच्या दोन मावशी, इथल्याच दोन बायका आणि डिलिव्हरीला एक मुलगा, तो मुसलमान आहे. गेल्या दिवाळीत कारागीर आणि भाचा धनत्रयोदशीच्या तीन दिवस आधी गावी गेले. 1 नोव्हेंबरला येतो म्हणाले आणि आले 14 ला. मधे फोन पण नीट लागत नव्हता. माझ्या चकल्या जमल्या नाहीत, तेलात विरघळल्या, 40 ऑर्डरी मी परत फिरवल्या, लोकांचे अ‍ॅडव्हान्स परत दिले, भाऊबीजेच्या दिवशी दुकानात बसून रडले. यंदा मी ठरवलंय की सप्टेंबरपासून दोघांच्या पगारातले थोडे थोडे पैसे मागे ठेवायचे आणि परत आले की द्यायचे. शेजारचे दुकानदार म्हणतात आधार कार्ड ठेवून घे, पळत येतात. मिस्टर म्हणतात काढून टाक आणि लोकल माणसं ठेव. त्यात गणपतीत दोन्ही मावशी कोकणात जाणार आणि मोदकाची चौकशी आत्तापासून सुरू झालीय. मी काय करू?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा पगाराच्या गोष्टीवरच बोलते कारण बाकी सगळं आपण बसून जुळवू शकतो पण हे एक पाऊल टाकलंस ना की ते मागे घेता येत नाही. पगार मागे ठेवू नकोस. त्याने राबून कमावलेले पैसे आहेत ते, महिना भरला की त्याचे झाले, आपल्या गल्ल्यात पडलेत म्हणून आपले होत नाहीत. आणि आधार कार्डची झेरॉक्स ठेव, ओळखीसाठी ती हवीच, पण मूळ कार्ड हातातसुद्धा धरू नकोस, शेजारचे काहीही सांगू देत.

मी हे केलंय म्हणून इतक्या ठामपणे सांगतेय. मी ठाण्यात 24 वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं आणि त्यातल्या एका होळीला मी आमच्या आचाऱ्याचे पंधरा दिवसांचे पैसे ठेवून घेतले होते. तो सांगितलेल्या तारखेला बरोब्बर आला, मला वाटलं जमलं. सकाळी त्याने कणीक मळली, भाज्या केल्या, दुपारचे डबे गेले, मग हात धुऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला, पैसे मागितले, मोजले आणि कोपऱ्यातली पिशवी उचलून गेला. ती पिशवी त्याने सकाळपासून उघडलीच नव्हती गं. जाताना एवढंच म्हणाला, "मावशी, पैसा तो मेरा ही था ना." नंतर दुसऱ्यांकडून कळलं की घरी बहिणीचं लग्न होतं आणि मी पैसे अडकवले म्हणून त्याने गावात व्याजाने घेतले होते. मला ते आजही खुपतं. आणि नुसता तो एक गेला असं नाही, बाकीच्या सगळ्यांनी ते बघितलं ना, पुढचं वर्षभर माझ्याकडे जो तो महिना संपायच्या आत पैसे मागायला लागला.

आता मला सांग, तो 1 तारखेऐवजी 14 ला का आला हे तू त्याला विचारलंस का? रागाने नाही, बसून. पत्रात ते कुठेच नाहीये. मला जे वाटतंय ते सांगते, परतीचं तिकीट नसणार. छठ झाली की अख्खा बिहार एकदम परत निघतो, पवन एक्सप्रेससारखी दरभंग्याहून आपल्याकडे येणारी गाडी असो की दुसरी कुठली, वेटिंगच वेटिंग, आणि वेटिंगवाल्याला स्लीपरच्या डब्यात बसू देत नाहीत, मग राहिला जनरल डबा, त्यात दीड दिवस उभं राहून यायचं. तो तिकडे रोज तत्काळसाठी स्टेशनवर जात असेल, 11 वाजता स्लीपरचं तत्काळ उघडतं आणि बघता बघता संपतं, आणि तू इकडे फोन लावत असशील, तो काय सांगणार म्हणून उचलत नसेल. कदाचित दुसरंही काही असेल, घरी आजारपण, शेतीचं काम, मला इथून नाही कळणार, पण विचारल्याशिवाय तुलाही कळणार नाही.

छठ म्हणजे त्यांच्यासाठी काय हे मलाही फार उशिरा कळलं. आमच्याकडे नंतर जो कारागीर आला तो सिवानचा, एकदा परत येताना स्टीलच्या डब्यात ठेकुआ घेऊन आला. गव्हाचं जाडसर पीठ, गूळ, तूप, लाकडी साच्यावर दाबून पानाची नक्षी उठवलेली आणि तळलेली, आपल्या गुळाच्या शंकरपाळ्यांची जवळची नातेवाईकच म्हण. डबा माझ्या हातात देताना त्याने स्वतःचे हात आधी रुमालाला पुसले. मी विचारलं कोणी केलं, तर म्हणाला आईने, उपासात. मग बसवून विचारलं तेव्हा कळलं की चार दिवसांचं व्रत असतं, नहाय-खाय, मग खरना, मग मावळत्या सूर्याला अर्घ्य आणि दुसऱ्या दिवशी उगवत्याला, त्यात छत्तीस तास आई पाण्याचा थेंब घेत नाही, आणि ती प्रसादाची टोपली डोक्यावर घेऊन घाटापर्यंत जायचं काम घरातल्या मुलाचं. तो एकच मुलगा. मी त्याला आधीची तीन वर्षं "छठला काय जायचंय एवढं, दिवाळी झाली की नंतर जा ना" असं म्हणत होते. आपल्या मावशींना कोणी "गणपतीला काय जायचंय एवढं" म्हटलं तर? आपण दोन दिवस त्याच्याशी बोलणार नाही.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की याला तू दांडी समजू नकोस. दांडी म्हणजे सकाळी साडेसातला मेसेज, पोट दुखतंय. सण काही असा येत नाही, त्याची तारीख वर्षभर आधी भिंतीवर छापलेली असते. आपण ऑर्डरी घेत सुटतो आणि मग माणसं मोजतो, उलटं व्हायला हवं, आधी माणसं मोजायची मग ऑर्डरी घ्यायच्या.

आता यंदाच्या तारखा बघ, कॅलेंडर समोर घेऊन बस. यंदा, म्हणजे 2026 मधे, अधिक ज्येष्ठ आला म्हणून सगळं पुढे गेलंय, गणपती 14 सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, भाऊबीज 11 ला आणि छठ 15 ला, म्हणजे नहाय-खाय 13 ला. कारागिराला नुसती छठ गाठायची असेल तर तो 9 तारखेच्या गाडीने निघाला तरी 11 पर्यंत घरी पोचतो. म्हणजे तुझा फराळाचा सगळा सीझन पार पडतो! गेल्या वर्षी तो इतक्या आधी गेला त्याचं कारण तेवढ्याच तारखेचं तिकीट मिळालं हेही असू शकतं, किंवा त्याला दिवाळीही घरी करायची असेल, बायकोमुलं तिकडे असतील तर कोणालाही वाटेल. ते त्याला विचार. त्याला दिवाळी पण हवीच असेल तर मामा-भाच्यात वाटून घ्यायला सांग, एकाने यंदा आधी जायचं, दुसऱ्याने 9 ला, पुढच्या वर्षी उलट. त्यांचं त्यांना ठरवू दे, तू ठरवलंस तर ते ऐकतील आणि मनात ठेवतील.

तिकिटाचं नीट लक्षात ठेव. पूर्वी रेल्वेचं रिझर्वेशन 120 दिवस आधी मिळायचं, नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलंय. म्हणजे 9 नोव्हेंबरच्या गाडीचं तिकीट 10 सप्टेंबरला सकाळी 8 वाजता उघडणार, आणि 10 सप्टेंबर म्हणजे गणपतीच्या चार दिवस आधी, तू नारळ खवण्यात आणि डबे मोजण्यात बुडालेली असणार आणि हे हमखास विसरणार. मोबाइलमधे आत्ताच अलार्म लाव. आणि परतीचं, समजा 19 नोव्हेंबरला निघायचं ठरलं तर ते 20 सप्टेंबरला उघडेल, ते तिकीट तू काढ, तुझ्या पैशाने, जमलं तर थर्ड एसीचं. महाग वाटेल पण 40 ऑर्डरी परत फिरवल्यास त्याचा हिशोब कर आणि त्याच्या शेजारी दोन तिकिटांची किंमत लिही. जाण्याचं तिकीट माणूस कसंही मिळवतो, उभा राहून जातो, घरचं बोलावणं असतं ना. परतीचं त्याच्या खिशात असलं की तो त्या तारखेला गाडीत बसतो, ते अडवलेल्या पगारापेक्षा कितीतरी पक्कं.

मावशींचं तर त्याहून जवळ आलंय. 12 सप्टेंबरला निघायचं असेल तर संगमेश्वरचं तिकीट 14 जुलैला उघडतंय, म्हणजे आलंच. गणपतीच्या कोकणच्या गाड्या किती मिनिटांत फुल होतात हे तुला मी सांगायला नको. नाही मिळालं तर रेल्वेच्या स्पेशल गाड्या नंतर जाहीर होतात त्यावर लक्ष ठेवायचं, आणि एसटी आहेच, गेल्या वर्षी एसटीने कोकणात पाच हजार जादा गाड्या सोडायचं जाहीर केलं होतं, वाडीतल्या माणसांनी मिळून ग्रुप बुकिंग केलं तर गाडी थेट गावापर्यंत जाते. त्या गौरी-गणपतीचं विसर्जन करूनच येणार हे धरून चाल, त्याच्या आधी ये म्हणून एकदाही म्हणू नकोस. कोकणातल्या माणसाने वर्षभर मुंबईत पडेल ते काम केलेलं असतं ते या पाच दिवसांसाठी आणि शिमग्यासाठी.

आता मोदक. तुझी खरी अडचण ही आहे की उकडीच्या मोदकाला हात लागतो तो नेमका त्या दोन मावशींचाच, बरोबर ना? आणि उकडीचा मोदक काही आठवडाभर आधी करून ठेवता येत नाही, सारण दोन-तीन दिवस आधी करून फ्रीजमधे राहील, पण उकड त्याच दिवशीची, गरम असतानाच मळलेली. म्हणून आत्तापासून गणपतीपर्यंत ज्या संकष्ट्या आहेत ना त्या वापर. त्या दिवशी मावशींना सांग की तुम्ही वळायचं नाही, शेजारी बसायचं आणि या दोघींना शिकवायचं, कडा पातळ कशी करायची, अंगठा आत आणि बोटं बाहेर फिरवत पारी कशी चढवायची, कळ्या एकमेकींच्या जवळ आणून नाक कसं काढायचं. पहिल्या संकष्टीला फुटतील, ते घरच्यांना खायला घाल. आणि घड्याळ लावून मोज, मावशींशिवाय एका तासात नीट विकण्यासारखे किती होतात. जो आकडा येईल त्याच्यावरच 14 तारखेच्या ऑर्डरी घे, त्यावर एक मोदक जास्त नाही. नाही म्हणायला जीव वर येतो मला माहितेय, पण त्या लोकांना तळणीचे सांग, ते तुझा कारागीर आणि भाचा डोळे मिटून करतील, त्या दिवसांत दोघं पूर्ण वेळ हजर आहेत की. शिवाय मावशी परत आल्यावर अनंत चतुर्दशीपर्यंत दहा दिवसांच्या गणपतीवाल्यांच्या ऑर्डरी असतातच, त्या वेळी उकडीचे मोकळ्या हाताने घे.

म्हणजे बघ, तुझ्याकडे सगळे एकाच वेळी जात नाहीत! गणपतीत मावशी नाहीत पण कारागीर आहे, दिवाळीच्या शेवटाला कारागीर नाही पण मावशी आहेत, डिलिव्हरीचा मुलगा दोन्ही वेळेला आहे. कित्येक धंद्यांत हे सुख नसतं. त्या मुलाला मात्र विसरू नकोस, दिवाळीच्या पंधरा दिवसांत तो रात्री दहापर्यंत धावतो आणि मग ईदला सुट्टी मागताना त्याला चोरट्यासारखं वाटतं. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येते त्यामुळे आपल्या डोक्यात राहत नाही, तारीख त्यालाच विचारून लिही, आणि ती सुट्टी त्याने न मागता दे. दुकानात पाणी प्यायच्या जागी एक मोठं कॅलेंडर लाव आणि सातही जणांना आपापल्या हाताने त्यावर आपले दिवस लिहायला सांग, तुझे पण. सगळ्यांना सगळ्यांचे दिसले की आपसात अदलाबदल आपोआप होते. "तू माझ्या शिमग्याला होतीस ना, मग तुझ्या मुलीच्या बारशाला मी थांबते" हे बोलणं मालकिणीने घडवून आणायचं नसतं, त्यांचं ते बोलतात.

मिस्टर म्हणतात लोकल ठेव. ठेव ना, पण सणाची अडचण त्याने सुटत नाही. इथल्या बाईच्या घरी दिवाळी नसते का? तिला स्वतःचा फराळ करायचाय, नरक चतुर्दशीला पहाटे पोरांना उटणं लावायचंय, भाऊबीजेला माहेरी जायचंय. लोकल बाई आठवडाभर जाणार नाही हे खरं पण नेमक्या त्या चार दिवशी सकाळी येणार नाही. त्यापेक्षा त्यांच्या वेळा बदल, दिवाळीच्या आठवड्यात 11 ते 4 कर, सकाळ-संध्याकाळ घर त्यांचं.

फराळाकडे येते, यात मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण तुझी गेल्या वर्षीची चकली विरघळली ती कारागीर गेला म्हणून नाही, त्याच्या हातातलं माप तुझ्याकडे कागदावर नव्हतं म्हणून. आमचा कारागीर भाजणीत गरम तेलाचं मोहन घालायचा ते पळीने, "एक पली और थोडा". हे "थोडा" म्हणजे किती? एक दिवस मी वजनकाटा घेऊन त्याच्या बाजूला उभी राहिले. तेलाचं पातेलं आधी तोललं, त्याने मोहन घातल्यावर परत तोललं, किलोभर भाजणीला 110 ग्रॅम निघालं. दुसऱ्या दिवशी परत तोललं, 112. तिसऱ्या दिवशी 108. त्याचा हात म्हणजे काटाच होता गं, त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, आकडे दाखवले तर इतका खूश झाला, भाच्याला बोलावून दाखवले. मग आम्ही पाण्याचं केलं, तिखटाचं केलं, चिवड्याचं केलं, एक वही झाली. त्याच्या पाठीमागे लपून नको करूस हे, त्याला विश्वासात घेऊन कर, वहीवर त्याचं नाव घाल, आणि त्या शिकवण्याचे त्याला वेगळे पैसे दे, कारण तो त्याची कला तुला देतोय. ऑगस्टमधे दुपारची मंदी असते तेव्हा हे उरकून घे.

आणि मग सगळं मागून पुढे मांडायचं. 9 ला तो निघणार म्हणजे त्याचा हात लागणारी सगळी कामं 6-7 पर्यंत संपली पाहिजेत. अनारशाचं पीठ तर ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच करून ठेव, तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवून, सावलीत सुकवून, दळून गुळात मळलेलं पीठ महिनाभर छान राहतं, उलट मुरलं की जाळी चांगली पडते. भाजणी दसरा झाला की भाजून दळून घे. बेसन लाडू आणि शंकरपाळे लवकर झाले तरी चालतात, चकली नंतर, कारण ती हवेने सादळते, पावसाळी हवा रेंगाळली असेल तर डबा नीट बंद कर नाहीतर सगळी मेहनत वाया. करंजीला सुकं खोबरं घे, ओल्या नारळाची दोन दिवसांत जाते, ती फक्त आदल्या दिवशी देणाऱ्यांसाठी. चिवडा सगळ्यात शेवटी, तो मावशी करतील, त्याला कारागीर लागत नाही. परदेशात फराळ पाठवणारे तुझ्याकडे असतील तर ते गिऱ्हाईक आधी धर, त्यांना तसंही दिवाळीच्या तीन-चार आठवडे आधी पार्सल टाकायचं असतं, म्हणजे तुझं अर्धं काम कारागीर हजर असतानाच निघतं. बुकिंग एका तारखेला बंद कर. 25 ऑक्टोबर म्हण. तारीख दुकानावर लाव, स्टेटसला टाक आणि मग ओळखीचे आले तरी पाळ.

जादा हात लागतील, त्यासाठी बचत गटाच्या बायकांना आत्ताच भेट, ऑक्टोबरमधे सगळेच शोधत असतात. त्यांना चुलीपाशी नको लावूस, भाजण्या-तळण्याचं आपल्याच माणसांनी आपल्याच जागेत करायचं, खाण्याच्या वस्तूची जबाबदारी तुझ्या लायसन्सवर आहे. पण पिशव्या, लेबल, डबे पुसणं, खोके जुळवणं, ड्रायफ्रूट निवडणं यात किती वेळ जातो कधी मोजलायस? माझ्याकडे एका दिवाळीत आचाऱ्याचा जवळजवळ दिवसाचा दीड तास नुसत्या पिशव्या बंद करण्यात जायचा, ते दिसलं आणि मी कपाळाला हात लावला. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केलं, पुढे पीठ एका जागी मळून बायकांनी ते घरी नेऊन लाटून आणायचं असं बसवलं, घर सोडता येत नाही त्या बाईलाही काम मिळालं आणि मळण्याचं माप मात्र एकाच ठिकाणी राहिलं. तुझ्या प्रमाणात तेच कर, जोखमीचं काम दुकानात, हाताचं साधं काम बाहेर.

कायद्याचं थोडक्यात सांगते. तुझी सातच माणसं, सुट्ट्यांचे आणि बोनसचे मोठ्या दुकानांचे नियम तुझ्यावर सगळे बंधनकारक नाहीत, बोनस 20 माणसांपासून पुढे सक्तीचा आहे आणि तिथे तो कमीत कमी 8.33 टक्के, म्हणजे वर्षाला एक महिन्याचा पगार. पण मोजमाप म्हणून ते वापर ना. राज्याच्या 2017 च्या दुकान कायद्यात वर्षाला 8 किरकोळ रजा आणि 8 सणाच्या भरपगारी सुट्ट्या आहेत, त्यातल्या चार ठरलेल्या (26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर) आणि चार मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या. तू पण एवढं कागदावर लिहून प्रत्येकाला दे. वर्षाला अमुक दिवस भरपगारी, त्याच्या पुढचे बिनपगारी, आणि जायच्या आधी तारीख सांगायची. जे दिवाळीत थांबतील त्यांना त्या दिवसांचा दुप्पट रोज. बोनस गावी जाणाऱ्याला जायच्या आधी पूर्ण दे, अर्धा ठेवून नको, घरी रिकाम्या हाताने गेलेला माणूस परत यायला उत्सुक नसतो. आणि 19 च्या गाडीने जो येईल त्याला तुझ्याकडून वरून काही द्यायचं असेल तर ते बक्षीस म्हणून दे, त्याच्याच पैशातलं काढून नको.

एवढं करूनही 10 ते 21 नोव्हेंबर तुझ्याकडे कारागीर नसणारच. तर ते दिवस कमी मेनूवर चालव, पोळी, दोन भाज्या, वरण-भात, एवढंच, आणि गिऱ्हाइकाला आधी सांग. लोक रागावतात असं आपल्याला वाटत असतं. मुंबईचे डबेवाले बघ, दर वर्षी चैत्रात गावच्या जत्रेला पाच-सहा दिवस सगळेच्या सगळे सुट्टीवर जातात, मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव, आपापल्या कुलदैवताला, आधी कळवतात, त्या दिवसांचे पैसे कापू नका असंही सांगतात, आणि परत आल्यावर डबे परत सुरू. लोकांना चिडवतं ते ऐनवेळी कळणं. गेल्या वर्षी तुझ्यावर जे चिडले ना, ते चकली नाही मिळाली म्हणून नाही चिडले, भाऊबीजेला दोन दिवस असताना कळलं म्हणून चिडले. त्या 40 जणांचे नंबर असतील तुझ्याकडे, बुकिंग उघडायच्या आधी त्यांना स्वतः फोन कर, गेल्या वर्षीसाठी माफी माग आणि पहिला नंबर त्यांना दे. मेसेज नको, फोन.

आणि आता तुझं. पत्रात शेवटी बारीक अक्षरात लिहिलंयस की आठ वर्षांत भावाकडे एकदाही भाऊबीजेला गेली नाहीस. ते मी वरच्या पत्रात छापलं नाही, पण वाचलं. त्या कॅलेंडरवर 11 नोव्हेंबरच्या चौकोनात तुझ्या हाताने लिही, दुकान बंद. एक दिवस. सातही जणांच्या सुट्ट्या तू जपणार आणि आपली तेवढी खाणार, असं नको करूस गं.

आज संध्याकाळी गल्ला मोजून झाला की कारागिराला चहा दे आणि विचार की तुझ्या गावाला नेमकं कुठलं स्टेशन, दरभंग्यालाच उतरतोस की पुढे जयनगरच्या बाजूला जातोस, घरी कोण कोण आहे, अर्घ्याची टोपली कोण उचलतं. गेल्या वर्षीचं त्यानंतर विचार. आणि मावशींना सांग 14 जुलैला सकाळी पावणेआठला दुकानात या, तुझ्या मोबाइलवर तिघी मिळून बसा, तुझं आधार जोडलेलं लॉगिन आधीच करून ठेव, आठ वाजले की लगेच.